लांब दोरीचा वरवंटा

“बसा, लहान हाय,” आप्पा हातमागावरनं म्हणाले, आणि अर्धवट उठलेली काकू परत रहाटापाशी बसली. मग जमिनीला दुसरा हिसका आला, पहिल्यापेक्षाही लहान, आणि परड्याकडची भिंत तिच्या अंगावर आली.

मी तोवर उंबऱ्याबाहेर गेले होते. मागं वळून पाहिलं तर घरात नुसती धूळ. त्या धुळीत आखूड दोरीवरचं घुंगरू अजून वाजत होतं. आढ्याला लांब दोरीनं टांगलेला वरवंटा मात्र हलला नव्हता. आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि त्या वरवंट्याकडं बघत होते. भिंतीकडं त्यांची नजरच नव्हती.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शहापुरात विणकरांच्या गल्लीत आमची दोन घरं एकाला एक लागून होती. एकात आप्पा आणि काकू, दुसऱ्यात माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि आम्ही सगळे. काकूला मूल नव्हतं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि मी दिवसभर काकूकडं रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसू लागले. म्हणून आप्पांना मी जेवढं पाहिलं तेवढं दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं फार होतं असं नाही. वाळका, उंच माणूस, डोक्याला फडकं, भुवयांत अडकलेले सुताचे तंतू.

लग्नाआधी ते एका व्यापाऱ्याबरोबर लुगडी घेऊन उत्तरेकडं गेले होते. तिथं ते एका मोठ्या भूकंपात सापडले. लोक तिकडून गंगाजळ आणतात, आमचा भाऊ भूकंप घेऊन आला, असं अण्णा म्हणायचे. परत आल्यापासून आप्पांना दुसरा विषय नव्हता. पाहुणा येऊन पाणी प्यायला लागला की हे त्याच्या तांब्यातल्या पाण्याकडं बघत बसायचे. कुणाच्या विहिरीवर गेले की आधी कठड्यावर तळहात ठेवायचे. मागाच्या खड्ड्यात पाय असले की जमिनीतलं सगळं तळव्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वेची लाईन लांब नव्हती. विणता विणता धोटा हातात थांबवून ते म्हणायचे, “ही मालगाडी.” थोड्या वेळानं, “ही पाशिंजर.” शेजारी कांडप चाललं असलं तर कोण कांडतंय तेही सांगायचे. त्यात ते बऱ्याचदा चुकायचे, पण त्यांना कोणी चूक दाखवायला जात नव्हतं. कोण जाणार? त्या वेळात चार हात कापड विणून होतं.

घरात त्यांनी तीन वस्तू टांगल्या होत्या. आखूड दोरीला घुंगरू, मधल्या दोरीला तांब्या, आणि आढ्यापासून जमिनीला टेकेल न टेकेल अशा लांब दोरीला काकूचा वरवंटा. तांब्या कधीच कशाला हलला नाही. घुंगरू मात्र खडी घेऊन गाडी गेली तरी वाजायचं.

“आखूड दोरी घाईची,” आप्पा सांगायचे. “तिला घाईचाच धक्का कळतोय. लांब दोरी आळशी. तिला सावकाश हलवणारा लागतोय, आणि सावकाश कोण हलवतोय? मोठा. लहान भूकंप खट करून येतोय, ताटंवाट्या पाडतोय, संपतोय. मोठा लांबनं आला तर आवाज न्हाय, काय न्हाय. पोट ढवळल्यागत हुतंय, इतकंच.”

“माझा वरवंटा फाशी दिलाय ह्येंनी,” काकू म्हणायची. चटणी वाटायची झाली की ती शेजारणीचा वरवंटा मागायला जायची. शेजारणी काही चांगल्या नव्हत्या. दोरीला टांगलेला तो गोल दगड बघून एकजण दारातनं रोज विचारायची, “काय गं, पाळणा हलला का न्हाय अजून?” काकू तिथल्या तिथं तिचा उद्धार करायची. घरात आल्यावर पाठमोरी होऊन रहाट फिरवत बसायची. मला त्या वेळी कुठं बघावं कळायचं नाही.

काकूचं तोंड मोठं होतं. राग आला की भांडी आपटून, पाच मिनिटं बडबडून मोकळी. आप्पा तिला “लहान” म्हणायचे. आणि अण्णा रागावले की बोलायचे नाहीत, आठवडाभर नुसते आतल्या आत हेलकावत राहायचे, म्हणून ते “मोठा”. “लहान परवडला,” आप्पा म्हणायचे, आणि काकू हातातलं लाटणं दाखवायची.

एकदा खडेबाजारातल्या दुकानाचा माणूस तयार लुगडी न्यायला आला होता. बसल्या बसल्या त्यानं सहज विचारलं, की भूकंप लहान का मोठा हे सावकाश हलण्यावरनं कसं काय? आप्पांना तेवढं पुरे झालं. त्यांनी एक वीतभर चिंधी घेतली आणि फाडली. टर्र, झालं. मग मागावरनं उतरवलेलं कोरं लुगडं उचललं, एक टोक त्या माणसाच्या हातात दिलं, आणि उभं फाडत दारापर्यंत गेले. तो आवाज संपेचना.

“बगा,” ते म्हणाले. “लहानात जमीन आत कुठंतर इतकीशी उसवती. मोठ्यात कोसच्या कोस उसवत जाती. तेवढं उसवाय येळ लागतोय का न्हाय? म्हणून मोठा लांबतोय, आणि लांब लांब हेलकावं देतोय.”

दुकानाचा माणूस हातातल्या अर्ध्या लुगड्याकडं बघत राहिला. काकू म्हणाली, “कळलं. आता दुसरं फाडू नगासा.” त्या लुगड्याची पुढं वाकळ झाली. तो माणूस ही गोष्ट बाजारभर सांगत सुटला आणि शहापूरचे फाडणारे आप्पा असं त्यांचं नाव पडलं. आमच्या घरातल्या मुलींना बघायला कोणी यायचं झालं की आधी ही गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली असायची.

तरी निपाणीहून एक स्थळ आलं. आमच्यातलेच लोक, मुलगा तंबाखूच्या वखारीवर कारकून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्तानं त्यांच्या बायका येऊन मला बघून जातील असं ठरलं. आमच्या घरात जागा नव्हती म्हणून बैठक काकूकडं. अण्णांनी आप्पांना बजावलं होतं, की माग बंद ठेवायचा, खड्ड्यात गप्प बसायचं, आणि बायकांकडं तोंडसुद्धा करायचं नाही.

दुपारी त्या सर्व्हिस मोटारीनं आल्या. मुलाची आई, आणि आजी. आजी म्हणजे हिरवा चुडा भरलेली, ठसठशीत बाई, नवरा हयात. मी तिळगुळाचं ताट घेऊन पुढं गेले. काकू कुंकू लावत होती. आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मला गरगरतंय बाई. मोटारीचा वास सोसत न्हाय.” काकूनं त्यांना पाणी दिलं. कोणालाच त्यात काही वाटलं नाही.

मागं आप्पांनी मान वर केली होती. वरवंटा हलत होता. झपझप नाही, झोपलेल्या मुलाला कोणी हळूच झोका द्यावा तसा, एका बाजूला जायचा, जणू विसरायचा, आणि मग परत यायचा. घुंगरू गप्प होतं.

ते उघड्या अंगानं, फडकं घसरलेलं, तसेच बायकांच्या मध्ये आले. “उठा. मोठा हाय. भाईर व्हा समदी.” कोणी उठेना. हळदीकुंकवात पुरुष शिरलेला बघून त्या बायका पदर सावरत नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा त्यांनी हाताला लागलं ते मनगट धरून ओढलं. ते आजींचं होतं.

बांगड्या फुटल्या. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या बांगड्या, परक्या पुरुषाच्या हातानं. लागल्याचं रक्त थोडंसंच होतं, पण त्या बाई मनगटाकडं बघून पांढऱ्याफटक पडल्या.

मग सगळ्याजणी बाहेर आल्याच. गल्लीत भर उन्हात आम्ही उभ्या. माझ्या हातात तिळगुळाचं ताट, काकूच्या हातात करंडा. अख्खी गल्ली दारात येऊन बघत होती. घराचं एक कौल हललं नाही. आप्पा घराकडं तोंड करून उभे होते, मारुतीसमोर उभं राहावं तसे, आणि वाट बघत होते. दोन कुत्री येऊन आमच्याकडं बघून गेली. अण्णा गल्लीच्या तोंडाशी आले, त्यांनी हे पाहिलं, आणि तिथूनच मागं फिरले.

निपाणीकर बायका घरात परत आल्याच नाहीत. चपलासुद्धा त्यांच्यातल्या एकीनं दाराबाहेरूनच मागून घेतल्या.

काकू खाली बसून काचा वेचत होती. “धरणीकंपानं एक कौल फुटलं न्हाय. तुम्ही सवाष्णीच्या बांगड्या फोडलासा.”

“मोठा हुता,” आप्पा म्हणाले. “लांब हुता म्हणून काय झालं न्हाय.”

“लांब हुता तर बसून ऱ्हायचं की.”

आप्पा मागाच्या खड्ड्यात जाऊन बसले. आम्हाला तेव्हाच हे नीट कळलं असतं तर बरं झालं असतं. किती मोठा हे त्यांना कळायचं. आपल्याला काय होणार, हे कळायचं नाही.

त्यानंतर मी कित्येक दिवस पाणवठ्यावर गेले नाही. आईनं जायला सांगितलंही नाही. अण्णा आप्पांशी बोलत नव्हते, आणि आप्पा वरवंट्याला पाठ करून विणत बसायचे. पुढं एक दिवस शाळेचे मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. उत्तरेकडं मोठा भूकंप झाला होता, गावंच्या गावं पडली होती, दिवस तोच आणि वेळ दुपारची. मास्तरांनी दारात उभं राहून ते वाचलं. आप्पांनी ऐकलं आणि मान हलवली. पण काकू, जिनं त्यांचं एक अक्षर कधी खरं धरलं नव्हतं, ती मास्तरांना म्हणाली, “परत वाचा.” दोनदा वाचून घेतलं. मग तिनं गल्लीत घरोघरी गूळ वाटला. तिकडं माणसं ढिगाऱ्याखाली होती आणि आमच्याकडं गूळ. आईला तेवढी लाज वाटली. आमच्या वाटणीचा गूळ तिनं तसाच फडताळात ठेवला आणि मुंग्या लागल्यावर टाकून दिला.

तेवढ्यावर काकू थांबली नाही. मोटारीत बसून एकटी निपाणीला गेली, त्या लोकांच्या घरी, आमचा माणूस खरा निघाला हे सांगायला. संध्याकाळी परत आली ती तोंड उतरवून.

“काय म्हणाल्या?” आईनं विचारलं.

“म्हणाल्या, खरा निघाला म्हणून आमच्या सासूबाईंच्या बांगड्या परत भरल्या व्हय? चा पण दिला न्हाय.” मग म्हणाली, “त्येंचं काय चुकलं न्हाय म्हणा.”

ते स्थळ गेलं. पुढं मला वडगावात दिली. नवरा विणकरच, बरा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सासरी पहिल्या दिवसापासून मी फाडणाऱ्या आप्पांची पुतणी. कोणी ताट पाडलं की जाऊ म्हणायची, “लहान का मोठा, विचारून घ्या हिला.” मी हसायचे. न हसून कुठं जाणार?

काकू मात्र बदलली. पाळणा हलला का विचारणाऱ्या शेजारणीला तिनं सांगितलं, “हलला, आणि पेपरात आला.” दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला, घुंगरू वाजलं, की गल्लीतल्या बायका बाहेर पळायच्या आणि ही आत बसून कांड्या भरत राहायची. “आमचे मालक म्हणाले, लहान हाय,” असं सांगायची, जशी काही सरकारी खबर. नवऱ्याचं नाव काढायची नाही, पण ह्या एका गोष्टीत त्यांचा शब्द तिच्या तोंडी बसला. जन्मभर ज्याची लाज वाटली त्याचा तिला मान वाटायला लागला होता. मला ते बघून बरं वाटायचं नाही. का ते सांगता यायचं नाही.

मग लढाई आली. सूत मिळेना. माग महिना महिना रिकामा पडू लागला. परड्याकडच्या भिंतीनं कितीतरी पावसाळे ओल धरली होती, खालून माती सुटत होती. काकूनं टोकलं की आप्पा म्हणायचे, सूत आलं की गवंडी बोलवू. सूत आलं नाही, गवंडीही आला नाही.

पाऊस नुकताच उघडला होता. मी वडगावाहून दुपारची आले होते, चालत. कुठून तरी थोडं सूत मिळालं होतं म्हणून आप्पा मागावर होते, काकू भिंतीला पाठ लावून रहाट फिरवत होती. मी समोर बसून गुंता सोडवत होते. काकू माझ्या जावेबद्दल विचारत होती. एवढ्यात खालून कोणी घण मारावा तसा एक आवाज झाला. जमीन कापली असं म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही. उतरंड कोसळली, घुंगरू पिसाळल्यागत वाजायला लागलं. मी उठले ती सरळ दाराकडं. काकू हात टेकून उठत होती. आप्पांनी वरवंट्याकडं बघितलं, तो जागचा हलला नव्हता, आणि ते तिला म्हणाले ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

गल्लीतले लोक आले. पहारी, घमेली, हातानं, जसं जमेल तसं माती उपसली. अख्ख्या गल्लीत तेवढी एकच भिंत पडली होती. बाकीच्यांची नुसती भांडी पडली. अण्णा उपसत होते, आणि आप्पा खड्ड्यात तसेच. त्यांना कोणीतरी दोन्ही काखेत धरून वर काढलं. काकूला बाहेर काढली तेव्हा तिच्या हातात कांडी होती. तोंडावर माती. मी पदरानं पुसली.

तिरडी बांधताना दोरी कमी पडली. कोणी बाजारात पळणार होतं. अण्णा आत गेले, पाटावर चढले आणि आढ्याची लांब दोरी सोडली. वरवंटा त्यांनी पाट्यावर ठेवला. आप्पांनी ते पाहिलं.

खरी लाज पुढंच होती. तिसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला यायचे. कोणी म्हणायचं, केवढा हो धक्का. आणि आप्पा, डोकं भादरलेले, भिंतीशी बसलेले, मान न उचलता म्हणायचे, “न्हाय. लहानच हुता.” येणाऱ्या प्रत्येकाला. बायको गेलेला माणूस असं म्हणतो आहे, हे ऐकून लोक उठून जायचे. आई मला म्हणाली, “त्येंना सांग की गं, गप बसा म्हणून.” मी सांगितलं. ते म्हणाले, “पण लहानच हुता की.” खोटं बोलायला त्यांना येतच नव्हतं. एकदा तर त्यांनी मास्तरांना विचारलं, पेपरात काही आलं का. मास्तरांनी सगळी पानं चाळली होती. एक ओळसुद्धा आली नव्हती. तेव्हा अण्णा उठले आणि त्यांनी मास्तरांसमोर थोरल्या भावाच्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही. नुसता दाबून धरला, आणि बराच वेळ काढला नाही.

अजूनही काकू कशानं गेली असं कोणी विचारलं, तर मी भिंत पडून गेली एवढंच सांगते.

त्यानंतर ते आमच्या घरी जेवायचे. गल्लीतनं पुढच्या बाजूनं जायचं त्यांनी सोडलं, परड्यामागच्या बोळानं यायचे. मी माहेरी आले की मीच भाकरी घेऊन जायचे त्यांच्याकडं. एकदा त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी तू का उठलीस गं? मी बसा म्हणलतो.”

“मला तुमचं खरं वाटायचं न्हाय, आप्पा.”

“कधीच?”

“कधीच न्हाय.”

“आणि तिला?”

“तिला वाटाय लागलतं.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवला. “बरं केलंस,” म्हणाले.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी गल्लीत दारू ठासून उखळाचे बार उडवले. सगळे झेंडा बघायला बाहेर. पहिला बार झाला, खिडक्यांची कवाडं खडखडली, आणि आप्पा घरातून धावत सुटले. धोतराचा सोगा हातात, एक पाय अनवाणी, ते गल्लीच्या मधोमध येऊन थांबले. प्रत्येक बाराला दचकून भिंतींकडं बघत होते, ह्या बाजूच्या, मग त्या बाजूच्या. पोरं हसायला लागली. एकजण म्हणाला, “आप्पा, ह्यो लहान का मोठा?” मी गर्दीतून जाऊन त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांच्या देखत त्यांना घरी आणलं. वाटेत ते मला एवढंच म्हणाले, “आत नगं.” म्हणून दारातच बसवलं.

पुढं ते बरीच वर्षं जगले. त्या दुपारी घरात आम्ही तिघं होतो. मी उठले आणि वाचले. आप्पा भिंतीपासून लांब होते, ते बसल्या जागी वाचले. काकू वाचली नाही.